लाल बूट आणि फुकटची हळहळ

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या पुतण्याने एक बातमी टाकली. बातमी तशी जुनीच, डिसेंबर २०२४ ची. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ सालच्या चित्रपटात ज्यूडी गार्लंडने घातलेल्या लाल चमचमत्या बुटांच्या एका जोडीचा अमेरिकेत लिलाव झाला. लिलाववाल्यांचं शुल्क धरून ती जोडी ३ कोटी २५ लाख डॉलरना गेली. खाली पुतण्याचं वाक्य: "काकू, तुझी आवडती नटी ना ही? काय टॅलेंट होतं! पण स्वतःच्या हाताने वाट लावून घेतली बिचारीने. कलावंतांचं असंच असतं." त्याखाली कुणाचे हात जोडलेले, कुणाचे रडके चेहरे.

मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं. ते लांबत चाललं. शेवटी म्हटलं, सुप्रभातच्या फुलांमध्ये हे शोभायचं नाही, ब्लॉगवरच लिहू. तेव्हा मंडळी, आज जरा रागात लिहिते आहे. सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. हॉलिवूडशी माझा काय संबंध? लेकीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा नातीबरोबर 'ऑझ'ची डीव्हीडी पाहिली, एवढाच. 'ओव्हर द रेनबो' लागलं. शब्द निम्मेच कळले. पण ती शेतातली मुलगी गवताच्या गंजीला टेकून गाते आहे, आणि गाते आहे असं वाटतच नाही, मनातलं बोलते आहे असं वाटतं. नात म्हणाली, "आजी, रडतेस काय?" त्या दिवसापासून मिळेल ते पाहत आणि वाचत गेले.

तर मुद्दा असा. "टॅलेंट होतं, पण खासगी आयुष्यात फार झगडावं लागलं" हे वाक्य ज्यूडीबद्दल जिथे तिथे वाचायला मिळतं. मला या वाक्यातल्या 'खासगी' शब्दावरच आक्षेप आहे. जे पगारपत्रकावर चाललं, शूटिंगच्या वेळापत्रकात बसवलं गेलं, ज्यात स्टुडिओ, डॉक्टर, आई आणि हिशेबनीस सगळे सामील होते, ते खासगी कसं? घरात बाप मुलीला मारतो तेव्हाही आपण "त्यांचा खासगी मामला" म्हणून खिडकी लावून घेतो. हे त्यातलंच आहे.

तिचं खरं नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स गावचा. वडिलांचं तिथे छोटं थिएटर होतं, आई पियानो वाजवायची. अडीच वर्षांची असताना नाताळच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा स्टेजवर गेली आणि उतरायलाच तयार होईना. पुढे बहिणींबरोबर गावोगाव कार्यक्रम. १९३५ साली, तेराव्या वर्षी, एमजीएम या बड्या स्टुडिओने तिला करारावर घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वडील मेंदूज्वराने गेले. ते इस्पितळात असताना ती रेडिओवर गात होती.

आता सांगा, तेराव्या वर्षी ज्या गळ्यासाठी एमजीएमने करार केला, तो गळा कुठल्या 'दुःखाने' घडला होता? तोवर गोळ्यांचं चक्र सुरू झालेलं नव्हतं, घटस्फोट नव्हते, कर्ज नव्हतं. आवाज होता. तो आधीपासून होता! हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण आपल्याकडेही "सोसल्याशिवाय सूर लागत नाही" असं डोळे मिटून म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांच्यावर मी पुढे येणारच आहे.

स्टुडिओने काय केलं? मुलगी बुटकी, गुटगुटीत, शेजारच्या घरातली वाटावी अशी. तिथे तर एकाहून एक सुंदऱ्या. स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयर तिला 'माझी छोटी कुबडी' म्हणायचा, असं तिच्या चरित्रांतून येतं. वाढत्या वयाच्या मुलीला सूप आणि काळ्या कॉफीवर ठेवलं. भूक मरावी आणि तरतरी यावी म्हणून गोळ्या, त्या गोळ्यांनी उडालेली झोप यावी म्हणून दुसऱ्या गोळ्या, आणि चार तासांनी उठवून पुन्हा पहिल्या. हे तिने स्वतः सांगून ठेवलं आहे. 'ऑझ'च्या वेळी ती सोळा वर्षांची होती. लहान दिसावी म्हणून तिची छाती आवळून बांधत. पगार आठवड्याला ५०० डॉलर. चित्रपटातल्या टोटो कुत्र्याला १२५. मी हिशेब करून पाहिला. त्या पगाराने परवाच्या बुटांची किंमत फेडायला तिला साडेबाराशे वर्षं काम करावं लागलं असतं. महागाई वगैरे ज्यांना धरायची त्यांनी खुशाल धरावी.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. गोळ्यांची सुरुवात आईनेच आधी केली होती, असंही काही चरित्रकार लिहितात. म्हणजे दाद मागायची कुणाकडे?

दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्याबरोबर कितीतरी चित्रपटांत काम केलेला मिकी रूनी शेवटपर्यंत म्हणत राहिला की स्टुडिओने तिला गोळ्या दिल्या नाहीत. कुणी म्हणतात की तेव्हा या गोळ्यांचे दुष्परिणाम कुणाला ठाऊक नव्हते. हे काही अंशी खरं आहे. बेन्झेड्रीन त्या काळात अमेरिकेत चिठ्ठीशिवायसुद्धा मिळायचं. पण मंडळी, वर्गातली मुलगी रोज पेंगते आहे, रोज हात थरथरताहेत, हे कळायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. शिक्षकाला कळतं, शिपायालाही कळतं. त्यांना कळलं नाही असं नाही, चित्रपट पूर्ण व्हायचा होता. आणि गंमत बघा, कायदेही होते! स्टुडिओच्या आवारात शाळा होती, रोज काही तास मुलांना शिकवणं बंधनकारक होतं. बालकलाकारांची कमाई पालकांनी उडवू नये म्हणून कॅलिफोर्नियात १९३९ साली कूगन कायदाही आला. पैशाचा विचार झाला, अभ्यासाचा झाला. झोपेचा आणि भुकेचा कुणी केला नाही.

पंधरा वर्षांत तिने एमजीएमसाठी दोन डझनांहून जास्त चित्रपट केले. 'मीट मी इन सेंट लुई' (१९४४), 'ईस्टर परेड' (१९४८)... मग शरीर संपावर गेलं. ती उशिरा येऊ लागली, येईनाशी झाली. 'द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे'मध्ये तिच्या जागी जिंजर रॉजर्स आली, 'ॲनी गेट युअर गन'मध्ये बेटी हटन, 'रॉयल वेडिंग'मध्ये जेन पॉवेल. जून १९५० मध्ये स्टुडिओने तिला निलंबित केलं, तिने काचेने स्वतःच्या गळ्यावर जखम करून घेतली, आणि सप्टेंबरात करारच संपला. वय वर्षं २८. आमच्याकडे त्या वयात पोरी बी. एड. करून नोकरीला लागतात.

आता येते त्या रसिकांकडे. "एवढं सोसलं म्हणून तर तिच्या गाण्यात ती आर्तता आली!" माझं म्हणणं बरोब्बर उलट आहे. सोसण्याने काय दिलं ते दाखवता येत नाही, पण काय नेलं त्याची यादी आत्ताच वर दिली आहे. ते तीन चित्रपट तिच्याशिवाय झाले. आणखी किती व्हायचे राहिले, कोण मोजणार?

आणि दुसरं. तिला कायम रडकी करून टाकणाऱ्यांनी तिचं विनोदाचं अंग पाहिलेलंच नसतं. 'ईस्टर परेड'मध्ये ती आणि फ्रेड अस्टेअर फाटके कपडे घालून, दात काळे करून दोन भिकाऱ्यांचं सोंग आणतात. पन्नाशीला टेकलेला, मुरलेला नर्तक एकीकडे आणि ही पंचविशीतली पोर दुसरीकडे. बघा तुम्ही, नजर तिच्यावरून हलत नाही. 'फॉर मी अँड माय गॅल' (१९४२) हा जीन केलीचा पहिला चित्रपट. कॅमेऱ्यापुढे नवख्या असलेल्या त्या माणसाला तिने सांभाळून घेतलं, हे तो पुढे सांगत असे. आणि १९५० साली 'समर स्टॉक'मध्ये ती कोलमडत असताना तो तिच्या पाठीशी उभा राहिला. हे तिचं हसणं, शिकवणं, मैत्री करणं कुणाला नको असतं. सगळ्यांना पाहिजे तो शेवटचा अंक!

स्टुडिओने टाकल्यावर ती संपली का? छे! १९५१ साली लंडनच्या पॅलेडियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये तिने गर्दी खेचली. तिथे १९ आठवडे कार्यक्रम चालला. १९५४ साली 'अ स्टार इज बॉर्न'. त्यात पहाटेच्या रिकाम्या क्लबात साथीदारांबरोबर ती गाते, ते सगळं गाणं एकाच सलग शॉटमध्ये आहे. लपायला जागा नाही, आणि ती कुठे लपतही नाही. पुढे तीन तासांच्या त्या चित्रपटाला स्टुडिओने कात्री लावून अर्धा तास उडवला. ऑस्करच्या रात्री ती नुकतीच बाळंत झाली होती, आणि तिच्या इस्पितळातल्या खोलीत कॅमेरे येऊन बसले होते. तेही 'खासगी'च का? बक्षीस ग्रेस केलीला मिळालं. कॅमेरेवाले वायरी गुंडाळून निघून गेले. २३ एप्रिल १९६१ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम ऐका. त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री. हे सगळं तिने त्या गोळ्यांच्या ओझ्यासकट केलं. त्या ओझ्याशिवाय काय केलं असतं, हा विचार मला छळतो.

मी तिला देवी करत नाहीये. ती मोठी झाल्यावर तिच्या हातूनही चुका झाल्याच. प्रेक्षक ताटकळले, कार्यक्रम रद्द झाले, मुलांना नको त्या वयात नको ते पाहावं लागलं. पाच लग्नं झाली. कर थकले, राहतं घर गेलं, पैसा मधल्या मधे कुठे कुठे झिरपला. म्हणून आजारी असतानाही गावं लागलं. २२ जून १९६९ रोजी लंडनमधल्या भाड्याच्या घरात ती गेली, ४७ वर्षं पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती आत्महत्या नाही, बेसावधपणे झालेला अपघात आहे, असा निष्कर्ष काढला. 'स्वतःच्या हाताने' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, की त्या हाताला ती सवय कोवळ्या वयात कुणी लावली.

२०१९ मध्ये तिच्या शेवटच्या लंडनच्या दिवसांवर 'ज्यूडी' नावाचा चित्रपट आला. रेनी झेलवेगरने काम उत्तम केलं आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. २०२० साली तिला त्यासाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. खुद्द ज्यूडीला १९४० साली बालकलाकाराचं छोटंसं ऑस्कर मिळालं होतं, पुढे मोठं कधीच नाही. म्हणजे ऐंशी वर्षांनी त्याच व्यवसायाने तिच्या कोसळण्याच्या नकलेला मोठी बाहुली दिली! मढ्याच्या टाळूवरचं लोणी याहून वेगळं काय असतं? आणि आता ते बूट.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. बोट दुसऱ्याकडे दाखवून लेख संपवणं सोपं असतं. पण हे लिहिताना एक जुनी गोष्ट सारखी समोर येत राहिली.

१९८६ च्या सुमाराची. स्नेहसंमेलन होतं. सातवीतली एक मुलगी फार सुरेख गायची, तिच्याच गाण्याने सुरुवात व्हायची होती. संध्याकाळी तिला ताप भरला. पाहुणे येऊन बसलेले. मी काय केलं? तापाची गोळी दिली, गरम पाणी पाजलं आणि "घाबरू नकोस, उभी राहा" म्हणून तिला स्टेजवर ढकललं. ती गायली. टाळ्या पडल्या. ती आठवडाभर शाळेत आली नाही. आणि मी पुढची कित्येक वर्षं शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट 'जिद्द' म्हणून सांगत राहिले! काही वर्षांपूर्वी ती एका लग्नात भेटली. मी कौतुकाने विषय काढला. ती हसून म्हणाली, "बाई, गाणं नाही हो आठवत. थंडी वाजत होती, तेवढं आठवतं."

एक गोळी आणि पंधरा वर्षं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, मला कळतं. पण सुरुवात त्याच वाक्याने होते, "आजच्या पुरतं उभी राहा." आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मुलीचं भलंच झालं.

तेव्हा बाळा, तुझ्या त्या वाक्यात एवढीच दुरुस्ती कर. "वाट लावून घेतली" नको, "वाट लावली" असं लिही, आणि कर्ता कोण ते शोध. मराठीच्या बाईचा पुतण्या आहेस, प्रयोग ओळखता यायला हवा! आणि हळहळायचंच असेल तर आधी 'ईस्टर परेड'मधलं ते भिकाऱ्यांचं सोंग बघ. पोट धरून हस. तिचं देणं असलंच तर ते तसं फिटेल, रडक्या चेहऱ्यांनी नाही.

असो. फार लिहिलं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, भांडायला मी आहेच.