पाहुण्यांसाठी वेगळा न्याय का?

ऐन दिवाळीत हा मास्तर फीचे रडगाणे काय घेऊन बसला, असे वाचक म्हणतील. पण फराळाच्या ताटाभोवती आज घरोघरी हाच विषय निघतो: मुलाला पुढे कुठे घालायचे? त्यावर आता नवे उत्तर मिळाले आहे. विलायतेला जायला नको. विलायतच नवी मुंबईस येणार! १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी विद्यापीठांना तशी इरादापत्रेही देण्यात आली.

परकीय म्हणून नाक मुरडणारा मी नव्हे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण एवढे ठाऊक आहे की, १८५७ साली मुंबईचे विद्यापीठ निघाले ते लंडनच्याच नमुन्यावर, आणि त्याच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे होते. विद्येला सोवळेओवळे नसते. माझे भांडण पाहुण्याशी नाही, यजमानाशी आहे.

परदेशी संस्थांविषयीचे विधेयक २०१० साली लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा कधी झालाच नाही. संसदेत जे साधले नाही, ते विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली नियमावली काढून साधले. तिच्यात चांगले पुष्कळ आहे. जगाच्या क्रमवारीत पहिल्या पाचशांत असणाऱ्यांना किंवा एखाद्या क्षेत्रात असामान्य प्रावीण्य असणाऱ्यांनाच दार उघडे. पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाची. अभ्यासक्रम मध्येच बंद पडला, तर विद्यार्थ्यांची सोय लावण्याची जबाबदारीही मूळ संस्थेवरच. हे हवेच होते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने सिंगापुरात शाखा उघडली आणि विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून काही महिन्यांतच तिला कुलूप ठोकले!

पण पैशाची गोष्ट निघाली की हीच नियमावली लोण्यासारखी मऊ होते. फी ‘वाजवी’ असावी. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणार कोण? तीच संस्था! शिष्यवृत्त्या ‘देता येतील’. द्याव्याच लागतील, असे नाही. प्रवेशाचे निकष ज्याचे त्याने ठरवावेत. राखीव जागांची सक्ती नाही. शिवाय परकीय चलनाच्या कायद्यात राहून पैसा मायदेशी नेण्याची वाट मोकळी. आपल्याकडील संस्थांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली बजावले आहे की, वाजवी शिल्लक संस्थेच्या वाढीसाठी ठेवा, नफेखोरी करू नका. एकाच अंगणात हे दोन न्याय कशासाठी?

कोणी म्हणेल, “मास्तर, इतक्या अटी घातल्या तर येणार कोण?” ज्याला आपली मुले हवी आहेत, तो येईल. ज्याला त्यांच्या बापाचे पाकीट तेवढे हवे आहे, तो न आलेलाच बरा!

भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती पैसेवाल्यांच्या मुलांसाठी नव्हे. ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याने कष्ट करून शिकावे, ही त्यांची रीत. त्या महाराष्ट्राच्या भूमीवर नवे विद्यामंदिर उभारायचे, तर निदान एवढे मागण्याचा आपल्याला हक्क आहे: संसदेने रीतसर कायदा करावा, फीवर बाहेरच्या समितीची नजर असावी, शिष्यवृत्तीच्या कलमातील ‘येतील’ खोडून तेथे ‘याव्यात’ नव्हे, ‘द्याव्याच’ असे लिहावे.

पाहुण्याला पाट जरूर मांडावा, रांगोळीही घालावी. पण घरची पोरे उपाशी ठेवून पंगत उठवणाऱ्या यजमानाला आपल्याकडे कोणी दानशूर म्हणत नाही.