झूम, मेगापिक्सेल आणि प्रक्षिप्त ओवी

हस्तलिखितांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण संहिता, पाठभेद, प्रक्षेप या संज्ञा काळजीपूर्वक शिकवतो. ज्या यंत्रातून तो हल्ली हस्तलिखित पाहतो, त्या यंत्राच्या संज्ञा मात्र त्याने दुकानदाराकडून शिकाव्यात, अशी आपली अपेक्षा दिसते. मूळ बाड हातात तासभर असते. त्याचे छायाचित्र वर्षानुवर्षे वाचले जाते. म्हणजे व्यवहारात छायाचित्र हीच संहिता ठरते. तरीही ‘त्यातले तांत्रिक मला काही कळत नाही’ हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकाला आजही किंचित अभिमानाने उच्चारता येते. मला वाटते, यात तांत्रिक भाग थोडा आहे. हे मुख्यतः संज्ञांचे प्रकरण आहे, आणि संज्ञा तपासणे हे तर आपले कामच.

माझ्याच चुकीचे उदाहरण देतो. २००६ साली एका खाजगी संग्रहातले अभंगांचे बाड पाहण्याची परवानगी मिळाली. एका स्नेह्याचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन गेलो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२ एक्स झूम’ असे छापलेले होते. बाडाला हात लावायचा नाही, अशी अट असल्यामुळे काहीसे दूर उभे राहून झूम पार शेवटापर्यंत ताणला आणि सव्वाशे पाने टिपली. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सारे सुरेख दिसत होते. घरी संगणकावर पाहिले, तेव्हा अक्षरांचे देह ओळखू येत होते. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार मात्र तपकिरी धुक्यात विरून गेले होते. ते बाड पुन्हा पाहायला मिळाले नाही.

खोक्यावरची ती बाराची संख्या तीन आणि चार यांचा गुणाकार होती. त्यातली तीन पट खरी : भिंगे पुढेमागे सरकतात, नाभीय अंतर वाढते आणि बिंब प्रत्यक्षच मोठे पडते. याला ऑप्टिकल झूम म्हणतात. उरलेली चार पट म्हणजे डिजिटल झूम. त्यात भिंग जागचे हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. रुंदी चौथाई, उंचीही चौथाई. २५९२ गुणिले १९४४, म्हणजे सुमारे ५० लाख बिंदूंपैकी सोळावा हिस्सा, जेमतेम ३ लाख १५ हजार बिंदू, माझ्या वाट्याला आले. बाकीचे सारे कॅमेऱ्याने शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले होते.

या भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, इंटरपोलेशन, तोच तिथल्या पाठचिकित्सेतही वापरला जातो. आपण त्याला प्रक्षेप म्हणतो. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्याने चाळली आहे, त्याला डिजिटल झूम समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात. फरक इतकाच की त्या आवृत्तीत प्रक्षिप्त मानलेला मजकूर तळटीपांत आणि परिशिष्टांत वेगळा काढलेला आहे. कॅमेरा तो मूळ मजकुरात मिसळून टाकतो आणि त्याची खूण ठेवत नाही. म्हणूनच ‘अंकीय विशालन’ असा जडजंबाल प्रतिशब्द घडवण्यात मला रस नाही. ‘कापून ताणणे’ म्हणावे. खरे ते या साध्या क्रियापदांत आहे.

तेव्हा कॅमेऱ्याच्या प्रत्येक संज्ञेला एक प्रश्न विचारून पाहावा : ही गोष्ट प्रकाश संवेदकावर पडण्याआधी घडते, की नंतर? छिद्र आणि शटर ही आधीची. छिद्राचे आकडे नवख्याला उलटे वाटतात, कारण ते भागाकारातले छेद आहेत. एफ/४ चे छिद्र एफ/२.८ पेक्षा लहान आणि त्यातून येणारा प्रकाश निम्मा. आयएसओ हा शब्द मात्र फसवा आहे. फिल्मच्या काळी तो रसायनाचा गुण सांगे. डिजिटल कॅमेऱ्यात तो वाढवला की प्रकाशाचा एक कणही जास्त येत नाही. आलेला क्षीण संकेत मोठा केला जातो आणि त्याबरोबर त्यातला गोंधळही उठून दिसतो. मग तो गोंधळ पुसण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो. या पुसापुशीत एकटा सुटा ठिपका सहज बळी पडतो. १९६२ सालच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्यापूर्वीच्या लेखनात त्या ठिपक्यावर विभक्ती ओळखली जात असे. जे काम साहित्य महामंडळाला इतक्या चर्चेनंतर करता आले, ते कॅमेरा क्षणार्धात, आणि जुन्या मजकुरावर, करून मोकळा होतो.

निर्भेळ संहिता कॅमेऱ्यातही नसते, हे येथे कबूल केले पाहिजे. ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, ती बहुतेक कॅमेऱ्यांत आजही आहे : निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा आणि पाव निळा प्रकाश टिपतात. एका बिंदूला एकच रंग दिसतो, उरलेले दोन हिशेबाने येतात. पण शेजारच्या साक्षीवरून रंग ठरवणे निराळे आणि नसलेली रेघ ओढणे निराळे. २०२३ साली एका जिज्ञासूने चंद्राचे मुद्दाम अंधुक केलेले चित्र पडद्यावर लावून दुरून फोनने टिपले; छायाचित्रात अशी विवरे स्पष्ट उमटली, जी त्या चित्रात उरलीच नव्हती. चंद्राचे ठीक आहे, त्याचा चेहरा सर्वांना पाठ आहे. अभंगातला अपरिचित शब्द फोनने ओळखीच्या वळणावर नेला तर?

आणखी एक गोष्ट, कारण ती पोथ्यांच्या बाबतीत हमखास नडते. कॅमेरा समोरचे जग सरासरी करडे आहे असे धरून प्रकाश मोजतो. पांढरा कागद त्याला प्रखर वाटतो, मग तो कागद मळकट करून देतो. उजेडाची भरपाई एका पायरीने वाढवली की कागद जागेवर येतो. उलट, व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला, तर शंभर वर्षांचा पिवळेपणा तो दोष समजून धुऊन टाकू शकतो. आणि ट्यूलिपचे चित्र असलेली कळ फुलांसाठी राखून ठेवलेली नाही. जवळची वस्तू टिपण्यासाठी ती असते. बाडाच्या जवळ जाऊन मी ती दाबली असती, तर बारा एक्सची गरजच पडली नसती.

प्रबंधात आपण संग्रहाचे नाव आणि दाखल क्रमांक आग्रहाने मागतो. छायाचित्रावरून वाचन केले असेल, तर यंत्र कोणते, झूम कोणता, प्रत मूळ की पुन्हा जतन केलेली, हेही मागायला हवे. जेपेग प्रकारातली फाइल उघडून, बदलून पुन्हा जतन केली की दर वेळी तिच्यातले थोडे थोडे गळत जाते. माझ्या सव्वाशे पानांपैकी बेचाळिसाव्या पानावर ‘घरी’ या शब्दावर अनुस्वार आहे की कागदाचा डाग आहे, यावर त्या चरणाचा अर्थ अवलंबून आहे. माझ्या वहीत तिथे अजून प्रश्नचिन्ह आहे.