सहीआधीचा अर्धा तास

लठ्ठपणा हा विषय गेल्या काही काळात आरोग्याच्या पुरवणीतून थेट पहिल्या पानावर आला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे देशाला सांगितले. पुढच्याच महिन्यात टिर्झेपटाइडचे इंजेक्शन भारतात आले, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन आले, आणि या दुसऱ्या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ ची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले होते. एवढे मोठे गिऱ्हाईक समोर असल्यावर बाजार गप्प बसणार नाहीच.

इंजेक्शनांच्या या गलबल्यात शस्त्रक्रियेची चर्चा मात्र अजून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन फोटोंपलीकडे जात नाही. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा महाराष्ट्रात घराघरांत तिचे नाव पोचले. २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी ती करून घेतली आणि काही दिवसांनी त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये हलवावे लागले. ती बातमी लोक लवकर विसरले.

आमच्या ओपीडीत कुणी ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द वापरत नाही. ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’ म्हणतात. नाव चांगले आहे, पण त्यातून दोन गैरसमज निघतात. एक, चरबी काढून टाकतात हा. दुसरा अधिक गंभीर: छोटे केलेले पोट पुन्हा मोठे करता येते हा. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. उरते ती केळ्यासारखी एक नळी. कापलेला भाग परत बसवता येत नाही. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, म्हणजे अन्नाचा रस्ताच बदलतो. दोन्हींचे फायदे वेगळे आणि धोकेही वेगळे. तुम्हाला यांपैकी कुठली सांगितली आहे आणि दुसरी का नाही, हे ज्या रुग्णाला सांगता येत नाही, त्याची चर्चा सर्जनशी झालेलीच नाही असे मी समजतो. मग फॉर्मवर सही असो वा नसो.

आता आकडे. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत सुमारे ४,८०० रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते आणि मोठी गुंतागुंत ४.३ टक्के रुग्णांत झाली. त्यानंतर तंत्र सुधारले. चांगल्या केंद्रांत आज मृत्यूचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास मानले जाते, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या तोडीचे. शस्त्रक्रिया न करण्यालाही धोका आहे, हे विसरून चालणार नाही. स्वीडनमधल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगले. बीएमआय ४५, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकतो आणि इन्सुलिन घेऊनही साखर तीनशे, अशा माणसाला भीती घालून परत पाठवणे हा त्याच्यावर अन्यायच.

पण हजारी एक हा जगाचा आकडा झाला. रुग्णाला हवा असतो समोर बसलेल्या सर्जनचा. मिशिगन राज्यातल्या वीस बॅरिॲट्रिक सर्जननी आपल्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ दिले आणि इतर सर्जननी, कोणाचा व्हिडिओ आहे हे न कळता, त्यांना कौशल्याचे गुण दिले. २०१३ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. एकाच राज्यात, तीच शस्त्रक्रिया करणाऱ्यांत, जवळजवळ तिपटीचा फरक. म्हणून ‘डॉक्टर, तुम्ही स्वतः अशा किती केल्या, किती जणांत गळती झाली, कुणी दगावले का?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आपल्याकडे तो विचारताना माणसे चपला काढून देवळात शिरल्यासारखी अवघडतात. जो सर्जन या प्रश्नाने चिडतो, त्याचे उत्तर त्याच्या चिडण्यात आलेच. माझ्या पाहण्यातले चांगले सर्जन उलट खूष होतात आणि खणातून वही काढतात.

त्याला जोडून दुसरा प्रश्न असतो. रात्री दोन वाजता नाडी १३० झाली तर मला कोण पाहणार? एप्रिल २०२४ मध्ये चेन्नईतल्या एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान एका तरुणाचा मृत्यू झाला. तमिळनाडू सरकारने चौकशी केली, तेव्हा आणीबाणीत रुग्ण सांभाळण्याची पुरेशी सोय तिथे नव्हती, असा ठपका ठेवला गेला. आपल्याकडे सर्जन सकाळी एका शहरात, दुपारी दुसऱ्या शहरात ऑपरेशन करतात आणि यात गैर काही नाही. पण ते निघून गेल्यावर मागे अतिदक्षता विभाग आहे का आणि तिथे भूलतज्ज्ञ रात्री मुक्कामाला आहे का, हे आधी कळायला हवे. टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर लठ्ठ माणसाच्या पोटावर ती लवकर दिसत नाही. पोट कडक लागत नाही, कधी तापही नसतो. नाडी मात्र वाढलेली असते. ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून ती सोडून देणे महागात पडते. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा दुसरा मोठा धोका. तो घरी गेल्यावरही असतो, म्हणून ‘दुसऱ्या दिवशी घरी’ ही जाहिरात वाचताना घरी काय पाहायचे तेही विचारावे.

माझ्यासारख्या फिजिशियनच्या वाट्याला येतो तो यापुढचा भाग, आणि त्यावरच चर्चा सर्वांत कमी होते. ऑपरेशन मोठ्या शहरात, रुग्ण राहतो दोनशे किलोमीटरवर. महिन्या-दीड महिन्याने उलट्या सुरू होतात. जेवण बंद, पाणीही टिकत नाही. गावातला डॉक्टर चांगल्या हेतूने ग्लुकोजची सलाइन लावतो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात जेमतेम काही आठवडे पुरेल एवढेच साठते. ते संपलेले असताना नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते. मग डोळे थरथरतात, चाल लटपटते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन द्यायचे, एवढाच उपाय. औषध स्वस्त, आमच्याकडेही असते. ते द्यायला हवे हे कळण्यासाठी मात्र रुग्णाचे ऑपरेशन झाले आहे हे आधी कळावे लागते. पोटावर पाच बारीक व्रण असतात, आणि वजन कमी झाल्याचे श्रेय डाएटला देण्याची आपल्याकडे रीत आहे. शेजाऱ्यांपासून लपवलेले ऑपरेशन डॉक्टरांपासूनही लपवले जाते.

लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त दरवर्षी तपासावे लागते. शाकाहारी माणसात बी-१२ मुळातच काठावर असते. वरण-भात, भाकरी-भाजी या आपल्या ताटात प्रथिने किती, याचा हिशोब ऑपरेशनच्या आधी करावा, कारण नंतर ताटात चार घासांचीच जागा असते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने औषध देतात. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. व्यसन लागण्याचे प्रमाणही वाढते. आणि दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची दोन ठळक कारणे म्हणजे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या. सर्जन ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारतो आणि बाई ‘नाही’ म्हणते. खरेच सांगते ती. मशेरीबद्दल कुणी विचारलेलेच नसते. गुडघेदुखीची गोळीही औषधाच्या दुकानातून न विचारता मिळते.

स्लीव्ह सोपी, बायपास अवघड, असेही सरसकट सांगितले जाते. फिनलंडमधल्या एका चाचणीत दहा वर्षांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली होती, बायपासवाल्यांत ७ टक्के. ज्याला आधीच रोज रात्री छातीत जळजळते, त्याला हा आकडा सांगितलाच पाहिजे. मधुमेह ‘कायमचा बरा होतो’ हे विधानही तपासून घ्यावे. स्वीडनच्याच अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रुग्ण मधुमेहातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. हा फायदा मोठाच आहे. पण ‘कायमचा’ नाही.

कोणाला शस्त्रक्रिया सुचवायची, याची रेषाही सरकली आहे. बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार, हा १९९१ पासूनचा जुना निकष. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला आणि आशियाई लोकांना २७.५ पासून वाट खुली केली. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला हे म्हणजे ६८ किलो. विमा नियामकाचे २०१९ चे नियम मात्र अजून ४० आणि ३५ वरच बोट ठेवतात. यामागे कारणे आहेत. आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह होतो हे खरे. तरी वजन जितके कमी तितका मिळणारा फायदा कमी, आणि ऑपरेशनचा धोका त्या प्रमाणात कमी होत नाही. काठावरच्या रुग्णाशी म्हणूनच जास्त वेळ बोलायला हवे. तिथे इंजेक्शनांचा पर्यायही मांडावा, ती थांबवली की बहुतेकांचे वजन परत वाढते या माहितीसकट.

काठावरच्या या रुग्णांत लग्नाच्या वयाच्या मुली बऱ्याच असतात. सोबत आई, कधी मावशी. ‘स्थळं परत जातात हो, डॉक्टर.’ मुलगी खाली बघत बसलेली. अशा वेळी घरच्यांना बाहेर पाठवून मुलीशी एकटीशी बोलणे सर्जनने सोडू नये. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत, असा सल्ला असतो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसाही पूर्ण नसतो. लग्नासाठीच ऑपरेशन, आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी सासरी ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न. या दोहोंचा मेळ कसा घालणार, हे मंडपात ठरत नसते.

संमती कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सोडवला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यातली रुग्ण सज्ञान होती, तपासणीसाठी भुलेखाली होती, आणि तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढले गेले. ही संमती वैध नाही, असे न्यायालयाने ठरवले. उपचाराचे स्वरूप, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे सांगितले तरच संमती खरी, असेही त्या निकालात आहे. आदल्या रात्री नर्सने पुढे केलेला सहा पानी इंग्रजी फॉर्म, आणि ‘इथे, इथे आणि इथे’ अशा तीन फुल्या, हे त्यात बसत नाही. सर्जनकडे दोनदा जावे, मध्ये किमान आठवडा जाऊ द्यावा. प्रश्न कागदावर मराठीत लिहून न्यावेत. ‘नको’ म्हटले तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळतात का, हेही आधीच विचारावे. नाहीतर त्या पैशांपायी माणसे टेबलावर चढतात.

आणि ऑपरेशन केलेच, तर डिस्चार्ज कार्डाची एक प्रत पाकिटात ठेवावी. कुठला प्रकार, कुठली तारीख, सर्जनचा फोन, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायमिन द्यावे.’ आमच्या कॅज्युअल्टीत रात्री बसलेल्या मुलाला तेवढे पुरते.