मुलाखत पडद्यावरची, तयारी वर्गातली

ऑक्सफर्ड विद्यापीठाने डिसेंबर २०२० पासून पदवीप्रवेशाच्या मुलाखती ऑनलाइन घेण्यास प्रारंभ केला आणि महासाथ ओसरल्यावरही तो प्रघात कायम ठेवला. प्रवासखर्च वाचला, म्हणजे दार सर्वांना उघडले, असा सुखद समज त्यातून पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन खोल्यांच्या घरात अर्धा तास शांतता आणि अखंड वीज मिळणे हीदेखील ऐपतीचीच बाब होय. त्यावर उपाय आहे. महाविद्यालयाने एक खोली द्यावी. डिसेंबरात इंग्लंडची घड्याळे आपल्यामागे साडेपाच तास असतात, हे ध्यानी घेऊन ती रात्रीही उघडी ठेवावी.

अवघड आहे ते निराळेच. ही मुलाखत म्हणजे छंद आणि बक्षिसे यांची उजळणी नव्हे. तेथील अध्यापक अपरिचित उतारा, आलेख वा गणित पुढे ठेवतात आणि उमेदवार मोठ्याने विचार कसा करतो, सुचवल्यावर आपली चूक कशी सुधारतो, हे पाहतात. आपला हुशार विद्यार्थी नेमका येथेच गप्प होतो; कारण उत्तर पक्के झाल्याविना तोंड उघडू नये, हेच आपण त्याला बारा वर्षे शिकवलेले असते. (या ‘आपण’मध्ये प्रस्तुत लेखकही आला.) तयार उत्तरे घोटून घेणाऱ्या शिकवण्यांनी हा दोष उलट बळावतो. नमुना प्रश्न आणि मुलाखतींच्या चित्रफिती विद्यापीठ स्वतःच विनामूल्य देते; त्या अवश्य पाहाव्यात. परंतु त्याआधी एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून दोनदा विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करावे, अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न घालावा, आणि त्याचे चुकीचे उत्तरही, प्रथम मराठीत व मग इंग्रजीत, मध्ये न तोडता ऐकून घ्यावे.