शॉट, कट, क्लोजअप : हे शब्द चौथीच्या मुलांना आलेच पाहिजेत



आपल्या वर्गातली मुलं रोज जेवढं वाचतात त्याच्या कितीतरी पट पाहतात. वाचायचं कसं हे आपण त्यांना पहिलीपासून शिकवतो. अक्षर, शब्द, वाक्य, स्वल्पविराम, सगळं. पाहायचं कसं हे मात्र कुणीच शिकवत नाही. चौथीच्या मुलाला वाक्य कुठं संपलं ते कळतं, पण मोबाईलवरच्या व्हिडिओत एक तुकडा कुठं संपला आणि दुसरा कुठं जोडला ते कळत नाही. कारण तिथं जोड असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की फ्रेम, शॉट, क्लोजअप, कट, संकलन असे आठ-दहा शब्द प्राथमिक शाळेतच शिकवावेत. मुलांना सिनेमात पाठवायचं म्हणून नाही, भाषेचा भाग म्हणून.

"आणखी एक विषय?" असं तुमच्या मनात आलं असेल. साहजिक आहे. मी वेगळा तास मागत नाही. परिपाठातली पाच मिनिटं आणि अधूनमधून परिसर अभ्यासाचा एखादा पाठ, एवढं पुरतं.

खरं तर आपण शिक्षकही रोज कॅमेरा धरतोच. वृक्षारोपण झालं, फोटो टाका. हात धुवा दिन झाला, फोटो टाका. आणि ते सगळे फोटो एकाच जातीचे असतात. मध्ये बॅनर, मागे उंच मुलं, पुढे बुटकी, कडेला आपण. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी पाठांचे व्हिडिओ केले. मेहनत खूप होती, पण कितीतरी व्हिडिओंत फळा लांब, अक्षर मुंगीएवढं आणि बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच जागी. दोष कुणाचा नाही. डीएडला आपल्याला सूक्ष्म अध्यापन शिकवलं, पाठ टाचण शिकवलं, पण कॅमेऱ्यासमोरचा पाठ हा वेगळा पाठ असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असायचं कारणच नव्हतं.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला मोबाईल अजिबात लागत नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या आणि त्याला मधोमध आयताकृती खिडकी कापा. झाली फ्रेम. मराठीत चौकट म्हणा. मुलांना ती डोळ्यासमोर धरून मैदान पाहू द्या आणि दोनच प्रश्न विचारा. चौकटीत काय आलं? चौकटीबाहेर काय राहिलं? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्यावर एक अख्खा परिपाठ खर्च झाला तरी चालेल. शाळेच्या भिंतीवरचं सुंदर चित्र चौकटीत घेतलं की शेजारची गळकी टाकी आपोआप बाहेर जाते. हे मुलांना एकदा दिसलं की ती हसतात आणि मग थांबत नाहीत. दिसेल त्याची चौकट करत सुटतात.

मग पुठ्ठा घेऊन लांब जा, जवळ या. लांबून सगळं शिवार दिसलं तो लाँग शॉट. माणूस कमरेपासून वर दिसला तो मिड शॉट. नुसता चेहरा किंवा नुसता हात दिसला तो क्लोजअप. मी मुलांना असं सांगते की लाँग शॉट 'कुठं' ते सांगतो, मिड शॉट 'कोण, काय करतंय' ते सांगतो आणि क्लोजअप 'मनात काय' ते सांगतो. व्याख्या म्हणून हे पूर्ण नाही, पण चौथीला एवढी पकड बास आहे.

शब्दांबद्दल थोडं. कोशात शोधलं तर समीपदृश्य, दूरदृश्य असे शब्द सापडतात. मला मराठीचा अभिमान आहे, तरी मी मुलांना क्लोजअप आणि लाँग शॉट हेच शब्द देते. मराठी सिनेमाच्या सेटवरही शॉट, टेक, कट, क्लॅप हेच चालतं. जिथं मराठी शब्द खरोखर रुळलेला आहे तिथं मात्र तोच वापरावा. दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, पटकथा हे शब्द आपण श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं वाचतोय. 'संकलन' म्हटलं की आपल्या लोकांना संकलित मूल्यमापनाच्या नोंदी आठवून घाम फुटतो ते सोडा. गंमत म्हणजे संकलन म्हणजे गोळा करणं, बेरीज, आणि सिनेमातलं संकलन मात्र बरंचसं वजाबाकीचं काम आहे. दहा मिनिटांचं चित्रण असतं, त्यातलं दीड मिनिट ठेवायचं असतं.

दुसरी गंमत ट्रॉलीची. कॅमेरा चाकांवर ठेवून सरकवतात त्या गाडीला ट्रॉली म्हणतात. आपल्याकडच्या मुलांना ट्रॉली म्हणजे एकच माहीत, उसाची. मी तिथूनच सुरू केलं. ट्रॉलीत बसून रस्त्याकडं पाहिलं की झाडं मागं पळतात ना? तो ट्रॉली शॉट. आणि जागेवर उभं राहून नुसती मान वळवत ट्रॅक्टर जाताना पाहिला तर तो पॅन. मान खालून वर नेत चिंचेचा शेंडा पाहिला तर टिल्ट. झूम मात्र वेगळा, त्यात आपण हलत नाही, भिंग हलतं. मोबाईलवर बोटांनी मोठं केलं की चित्र बहुतेक वेळा फाटतं, म्हणून मुलांना एकच नियम सांगते: बोटांनी नाही, पायांनी जवळ जा.

तोच ट्रॅक्टर पुढचा धडाही देतो. समजा उसाचा ट्रॅक्टर पाटसच्या कारखान्याकडं चाललाय. रस्त्याच्या एका बाजूनं चित्रण केलं तर तो डावीकडून उजवीकडं जाताना दिसेल. रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं केलं तर उजवीकडून डावीकडं. हे दोन शॉट एकामागे एक लावले की पाहणाऱ्याला वाटतं ट्रॅक्टर परत फिरला. सिनेमावाले याला १८० अंशांचा नियम म्हणतात. कोन शिकवताना सरळ कोनाला याहून जिवंत उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता कट. हा शब्द शब्दशः कापण्यातून आलाय. पूर्वी फिल्म हातात धरता येई, ती कात्रीनं कापत आणि चिकटवत. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. तो सिनेमा ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला हे सामान्यज्ञानात आपण पाठ करून घेतो. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. भांडवल उभं करण्यासाठी फाळक्यांनी १९१२ मध्ये एक छोटी फिल्म केली होती. विषय काय? कुंडीतला वाटाणा. कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी ठेवून, अनेक दिवस थोडं थोडं चित्रण करत त्यांनी बी रुजण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ पडद्यावर दाखवली. 'अंकुराची वाढ' या नावानं ती ओळखली जाते. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पायात आपला परिसर अभ्यासाचा पाठ आहे!

तो पाठ आपण आजही करू शकतो. मटकी किंवा वाटाणा पेरा, खिडकीशी मोबाईल ठेवायची जागा खडूनं आखून घ्या, रोज परिपाठानंतर एक फोटो. ३० दिवसांचे ३० फोटो. सेकंदाला १० या वेगानं दाखवले तर किती वेळाची फिल्म होईल? मुलं भागाकार करतात आणि उत्तर ३ सेकंद येतं तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. महिनाभराची मेहनत आणि तीन सेकंद! सिनेमाच्या फिल्मला सेकंदाला २४ फ्रेम लागतात हे मग वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

संकलनाची ताकद कळायला आणखी एक प्रयोग आहे. रशियात लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकानं तो साधारण शंभर वर्षांपूर्वी केला. एका नटाचा निर्विकार चेहरा, त्याच्यापुढं कधी सुपाचा वाडगा, कधी शवपेटी असे शॉट जोडले. चेहरा तोच, तरी लोकांना तो कधी भुकेला तर कधी दुःखी वाटला असं सांगतात. वर्गात करून पाहा. एका मुलाचा साधा, न हसणारा क्लोजअप घ्या. त्यापुढं पोषण आहाराची भरलेली ताटली जोडा, मग दुसऱ्यांदा फुटलेला चेंडू जोडा. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना दाखवून विचारा, याला काय वाटतंय?

हे सगळं मी एवढ्या तळमळीनं का लिहितेय ते सांगते. माझी आधीची काही वर्षं दौंड तालुक्यात गेली, आता शिरूरमध्ये आहे. या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती ही अफवा नाही. माणसं गेलीत, लेकरं गेलीत. शाळा सुटायच्या वेळी आई-आजी काठी घेऊन बांधावर उभ्या राहतात. अशा गावात एका सकाळी पालकांच्या गटावर एक व्हिडिओ फिरला. बिबट्या अगदी जवळून, आजूबाजूला हिरवं काहीतरी, आणि वर मराठीत आवाज, "आपल्याच शिवारात, आत्ता." त्या दिवशी निम्मा पट गैरहजर.

आलेल्या मुलांसोबत आम्ही तो व्हिडिओ पाहिला. एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात लाँग शॉटच नाही. मग आपलं शिवार कसं कळलं?" दुसरा म्हणाला, आवाज वरून टाकलाय, बोलणारा तिथं नाही, कारण त्याच्या आवाजात वारा नाही. मला वाटतं हे चौथीच्या मुलांचं मोठं यश आहे. पण इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यांनी 'हे खोटं आहे' असं म्हटलं नाही आणि मीही म्हणू दिलं नाही. 'यावरून कुठलं ते कळत नाही' एवढंच आम्ही म्हणालो. वन विभागाला कळवायला सांगितलं, मुलं सोडताना नेहमीसारखी मोठी माणसं सोबत दिली. व्हिडिओ कुठला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोटं असणं आणि माहीत नसणं यातला फरक मुलांना कळायला हवा. नाहीतर आज प्रत्येक व्हिडिओवर घाबरणारं गाव उद्या प्रत्येक व्हिडिओवर हसेल, आणि त्यातला एखादा खरा असेल.

पालकहो, तुमचा प्रश्न मला माहीत आहे. "आधीच मोबाईल सुटत नाही, त्यात तुम्ही शाळेत मोबाईल देणार?" नाही. वर्गाला एकच फोन, तोही शिक्षकांचा. बहुतेक काम पुठ्ठ्याच्या चौकटीनं आणि वहीत चौकोन आखून होतं. प्रत्येक चौकोनात एका शॉटचं चित्र, खाली एक ओळ. पाठ टाचणासारखंच ते शॉटचं टाचण. घरी मात्र एक कराल का? मूल रील पाहत असताना शेजारी बसा आणि कट झाला की टाळी वाजवायला सांगा. अर्ध्या मिनिटात किती टाळ्या वाजतात ते मोजा. मोजणारं मूल पूर्वीसारखं गुंगून पाहत नाही, हा माझा अनुभव आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांनी केलेली फिल्म शाळेत दाखवा, पालक सभेत दाखवा, पण चेहरे दिसणारे व्हिडिओ उघडपणे यूट्यूबवर टाकू नका. स्पर्धेसाठीसुद्धा पालकांची लेखी संमती घ्या. कॅमेऱ्याचं शिक्षण देताना हे वगळलं तर अर्धंच शिक्षण झालं.

विषय कुठला घ्यावा असं अनेकजण विचारतात. आपल्याच भागात भरपूर आहे. करडे गावानं १८७४ मध्ये सावकारांवर बहिष्कार घातला, तिथून पुढं मे १८७५ मध्ये सुप्याला उठाव झाला आणि लोकांनी कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. याच सावकारीच्या विषयावर बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला होता हे मुलांना आवर्जून सांगा. मग पाचवीच्या गटाला दोन मिनिटांची फिल्म द्या, विषय करडे. पहिला शॉट कोणता? रिकाम्या रानाचा लाँग शॉट की सावकाराच्या वहीवर उठवलेल्या अंगठ्याचा क्लोजअप? आमच्या गटात यावरून दोन तास भांडण झालं. शेवटी मुलांनी दोन्ही फिल्म केल्या. माझं मत अंगठ्याच्या बाजूनं होतं, पण मुलांनी ते मानलं नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सोमवारपासून पुठ्ठ्याची चौकट घ्या. पहिली-दुसरीला तेवढीच पुरे. तिसरीला तीन शॉट आणि कॅमेऱ्याची उंची. उभ्या माणसानं वरून पाहिलं की मूल लहान दिसतं, गुडघ्यावर बसून पाहिलं की बरोबरीचं दिसतं, हे मोठ्यांनीही करून बघावं. चौथीला कट आणि १८० अंश. आवाजाबद्दल वेगळं लिहावं लागेल. आमच्या वर्गाचं छप्पर पत्र्याचं आहे आणि पाऊस सुरू झाला की सगळं ध्वनिमुद्रण तिथंच संपतं.