काळा मासा, सोनेरी मासा: शेततळ्यातल्या रंगाचा अर्थ कसा लावायचा?

करमाड परिसरात मोसंबी-डाळिंबासाठी शेततळे केलेले अनेक शेतकरी त्यात रोहू, कटला, सायप्रिनस सोडतात. जाळे ओढले की एखादा मासा काळाकुट्ट निघतो, एखादा सोनेरी. मग कोणी रोग समजून पाण्यात औषध ओततो, तर कोणी नवी जात म्हणून मासा जपतो आणि पुढे ओढ्यात सोडतो. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात नदीचे नुकसान होऊ शकते.

बहुतेक वेळा रंग बदलतो तो पाण्यामुळे. माशाच्या कातडीतल्या काळ्या रंगद्रव्याच्या पेशी आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पसरतात किंवा आकसतात. काळ्या प्लास्टिकच्या तळ्यात स्वच्छ पाणी असेल तर मासा गडद होतो, गढूळ पाण्यात फिकट. शंका असेल तर दोन-तीन मासे पांढऱ्या टबात, ताज्या पाण्यात ठेवून पाहा. रंग उतरू लागला तर औषधाची गरज नाही. मात्र जुना गडदपणा जायला काही दिवस लागतात.

सगळे मासे सारखे दिसत असताना एकच काळा, सुस्त आणि कडेला असेल तर त्याचे डोळे तपासा. आंधळ्या माशाला उजेड कळत नाही, म्हणून तो काळा पडतो. अंगावर लाल चट्टे, जखमा किंवा पांढरे ठिपके असतील, कल्ले तपकिरी असतील, तर तो रंगभेद नव्हे, आजार किंवा बिघडलेले पाणी आहे. तपकिरी कल्ल्यांत नायट्राइटचा संशय धरावा, खाद्य थांबवावे आणि पाणी बदलावे.

सोनेरी किंवा नारिंगी सायप्रिनस मात्र जन्मतःच तसा असतो. शोभेचा कोई हा सायप्रिनसचाच रंगीत वाण. तो साध्या सायप्रिनसशी संकर करतो, आणि उठून दिसत असल्याने खंड्या-बगळ्यांना आधी सापडतो. विक्रीच्या तळ्यात त्याचे विशेष कौतुक करण्यासारखे काही नाही.

रंग कधीकधी खरोखर जात सांगतो, याचे उदाहरण महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला निळसर पराचा महाशीर सायक्स यांनी 1839 मध्ये नोंदवला, तो तोर खुद्री. लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पैदास झाली आणि बोटुकली दूरच्या कावेरीतही सोडली गेली. तिथे नारिंगी पराचा, पाठीवर उंचवटा असलेला मोठा महाशीर होता. गळ टाकणारे त्याला परांवरून ओळखत, पण त्याचे शास्त्रीय नाव ठरायला 2018 उजाडले: तोर रेमादेवी. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आणि निळ्या पराचा महाशीर धोक्याच्या यादीतून बाहेर आला. कावेरीतल्या घसरणीला वाळूउपसा, धरणे, चोरटी मासेमारी हीही कारणे आहेत, पण बाहेरून आलेल्या बीजाने स्थानिक माशाची जागा घेतली हे दुर्लक्षित करता येत नाही. हेतू चांगला होता, म्हणूनच हे लक्षात ठेवावे.

आपल्या भागातला ओढा शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जातो. तेव्हा सांडव्याला बारीक जाळी लावा आणि वेगळा दिसलेला मासा ओढ्यात सोडू नका. बीज घेताना जात कोणती आणि कुठल्या केंद्रातून आली हे पावतीवर लिहून घ्या. विस्तार कर्मचाऱ्यांना दाखवायचा असेल तर माशाचा फोटो पाण्याबाहेर काढताच, उन्हात न ठेवता घ्या. मेल्यावर रंग लवकर बदलतो.