ओळख ही पात्रता नव्हे

लग्न जमवताना आपण मुलाची पदवी, पगार, पत्रिका, झालंच तर त्याच्या चुलत्याचं वागणं इथपर्यंत सगळं खोदून काढतो. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर डॉक्टर कुठे शिकला, आतापर्यंत किती गुडघे बदलले, याची चौकशी चार घरी होते. आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीचा फंड नि ग्रॅच्युइटी एकदम हातात आली की ती कुणाच्या सल्ल्याने कुठे ठेवायची? तर, ‘आपल्या ओळखीतला आहे हो एक. फार चांगला मुलगा आहे!’

झालं. चौकशी संपली.

यंदा आमच्या नात्यातले तिघेजण निवृत्त होत आहेत. तिघांचेही फोन येऊन गेले आणि तिघांनीही मला हेच वाक्य ऐकवलं. म्हणून जे फोनवर तुटक तुटक बोलले ते आज सविस्तर लिहिते आहे. ‘तो चांगला मुलगा’ही नात्यातलाच आहे, हे मला ठाऊक आहे. त्याला आणि त्याच्या आईला राग येईल. येऊ दे.

आधी माझ्या पेशाचं सांगते. चौथीच्या मुलांना भागाकार शिकवायचा तर डी.एड. लागतं. वरच्या वर्गांना शिकवायचं तर बी.एड. लागतं. २०१३ पासून आपल्या राज्यात त्यावर टीईटी पण आली. एवढं सगळं कशासाठी? तर चाळीस मुलांचं एक वर्ष वाया जाऊ नये म्हणून. मग ज्याच्या हाती एका घराची पुढची पंचवीस वर्षं द्यायची, त्याला काहीच विचारायचं नाही?

‘विचारलं की! त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे,’ असं एकाने सांगितलं. इथेच खरी मेख आहे. सर्टिफिकेट आहे, पण कशाचं? मी मराठी माध्यमातली बी.ए. सेबीचे नियम इंग्रजीत. शेजारी डिक्शनरी ठेवून, रोज दोन पानं या हिशोबाने मी ते वाचले. आपल्या कामापुरतं त्यातून हाती लागलं ते असं.

विमा एजंट दहावी पास असावा लागतो आणि त्याला एक परीक्षा द्यावी लागते. त्याचा परवाना विमा विकण्याचा. म्युच्युअल फंडाचा वितरक एनआयएसएम या संस्थेची परीक्षा देतो आणि ॲम्फीकडून त्याला ‘एआरएन’ क्रमांक मिळतो. तो परवानाही विकण्याचाच. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण दुकानदार तो दुकानदार. कापडवाल्याला ‘मला साडी घ्यायची गरज आहे का हो?’ असं आपण विचारत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे सेबीचा नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार. त्याचे नियम २०१३ साली आले. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ या अक्षरांनी होते. त्याला पदवी लागते, एनआयएसएमच्या परीक्षा द्याव्या लागतात. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याने ग्राहकाशी विश्वस्ताच्या नात्याने वागायचं, असं नियमातच लिहिलेलं आहे. त्याने तुमच्याशी लेखी करार करायचा. तुम्हाला किती जोखीम झेपते ते आधी तपासायचं. दिलेला सल्ला तुम्हाला का योग्य आहे, याची नोंद ठेवायची. दरवर्षी या सगळ्याची तपासणी करून घ्यायची. आणि तुमच्याकडून सल्ल्याची फी घेतली तर तुम्हालाच कमिशनवर काही विकायचं नाही.

आणखी एक गंमत. २०२० च्या दुरुस्तीपासून, सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर’ किंवा ‘वेल्थ ॲडव्हायझर’ म्हणवून घेता येत नाही. आता आपापल्या पाकिटातली व्हिजिटिंग कार्डं काढून बघा. काय छापलंय?

‘सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर’ ही पदवीही चांगली आहे. तिचा अभ्यास कठीण असतो आणि तो केलेला माणूस मला आवडेल. पण ती ज्ञानाची पावती, सेबीची नोंदणी नव्हे. दोन्ही असतील तर सोन्याहून पिवळं.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर माझ्या एका सहकारी बाईंची हकीकत सांगते. नाव नको, गावही नको. त्या निवृत्त झाल्यावर बँकेतल्या एका मुलाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, ‘मॅडम, एफडीपेक्षा चांगलं आहे’ म्हणून सांगितलं आणि सह्या घेतल्या. बाईंना वाटलं, तीन लाख एकदाच ठेवायचे. ती होती विम्याची पॉलिसी, दरवर्षी तीन लाख, दहा वर्षं! पेन्शनमधून तीन लाख आणणार कुठून? दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा तो मुलगा बदलून दुसऱ्या शाखेत गेलेला आणि पॉलिसी परत करण्याची मुदत टळून गेलेली. तक्रार केली तर उत्तर आलं, तुमचीच सही आहे. पॉलिसी मोडली, भरलेल्यातले बरेच पैसे गेले. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे होते ते.

त्या मुलाला विमा विकायचा अधिकार असेलही. ‘तुमच्यासाठी हे चांगलं आहे’ असं सांगण्याइतका बाईंचा हिशोब त्याने मांडला होता का? त्यांचं वय, पेन्शन, घरखर्च, एक तरी आकडा त्याने विचारला होता का?

आता नेहमीचे आक्षेप घेते.

‘पदवीने शहाणपण येतं का?’ नाही येत. बी.एड. झालेले रटाळ शिक्षक मी ढिगाने पाहिले आहेत. पण रटाळ शिक्षकाची तक्रार हेडमास्तरांकडे, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेता येते. नोंदणीचा अर्थ माणूस हुशार आहे असा नाही, तो कुणाला तरी बांधलेला आहे असा आहे. त्याचं नाव एका यादीत आहे आणि त्या यादीतून ते काढता येतं. सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. भाच्याविरुद्ध तक्रार कुठे करणार? त्याच्या आईकडे?

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने सल्लागारांच्या शिक्षणाची आणि अनुभवाची अट बरीच सैल केली. म्हणून कुणी म्हणेल की आता त्या नोंदणीत काय राहिलं! पण विश्वस्ताची जबाबदारी सैल झालेली नाही. मला महत्त्वाची वाटते ती हीच.

‘ओळखीचा माणूस फसवणार नाही.’ बहुतेक वेळा खरं आहे. पण चांगला हेतू म्हणजे ज्ञान नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दादरला ‘टोरेस’च्या बंद दुकानासमोर जी माणसं रडत उभी होती, त्यांतल्या कितीतरी जणांना ओळखीच्याच कुणीतरी तिथे आणलं होतं. दर आठवड्याला परतावा मिळतो, हे ओळखीच्याने सांगितलं म्हणून खरं वाटलं. आणणाऱ्याचे पैसेही त्यातच बुडाले. शिवाय ओळखीच्या माणसाला ‘यात तुला किती मिळणार?’ हे विचारायची आपल्याला लाज वाटते. नेमका हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

‘आमचा माणूस फुकट सल्ला देतो, तुमचा हजारो रुपये फी घेतो.’ हा सगळ्यांचा लाडका आक्षेप. अहो, फुकट काही नसतं. २०१६ च्या नियमांत, बारा किंवा अधिक वर्षं हप्ते भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनची मुभा होती. २०२३ मध्ये ही मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आणली. म्युच्युअल फंडात जानेवारी २०१३ पासून ‘डायरेक्ट’ योजना आहेत, त्यांत वितरकाचं कमिशन नसतं. ‘रेग्युलर’मध्ये ते दरवर्षी आपल्याच पैशांतून जातं. समजा वीस लाख रुपये पंधरा वर्षं ठेवले. दहा टक्क्यांनी वाढले तर साधारण ८३ लाख ५४ हजार होतात, नऊ टक्क्यांनी वाढले तर ७२ लाख ८५ हजार. एका टक्क्याने साडेदहा लाखांहून जास्त फरक पडला! दहा टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, हे फक्त गणित आहे. फीचा चेक आपण हाताने लिहितो म्हणून तो टोचतो, कमिशन दिसत नाही म्हणून टोचत नाही. एवढंच.

नोंदणीकृत माणसं सगळी साधुसंत आहेत असं मात्र समजू नका. क्रमांक खोटाही असू शकतो, म्हणून कार्डावर विश्वास न ठेवता सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आणि क्रमांक जुळवून बघा. खात्रीचा परतावा देतो म्हणाला तर क्रमांक खरा असला तरी उठून घरी या. आणि गुंतवणुकीचा चेक फंडाच्या किंवा बँकेच्या नावाने लिहायचा, सल्लागाराच्या नावाने कधीच नाही. त्याला द्यायची ती फक्त फी, पावती घेऊन.

तेव्हा तिन्ही निवृत्तिवीरांनो, सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. तुझी नोंदणी विकण्याची की सल्ल्याची? क्रमांक काय? मी हे घेतलं तर तुला पैसे कोण देणार आणि किती? आणि हेच मला लेखी देशील का? मी बाई पस्तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारत आले, प्रश्न विचारल्याने चांगला विद्यार्थी कधी रुसलेला पाहिला नाही. ज्याला अभ्यास नसतो तोच रुसतो.

राहता राहिला आमचा ‘चांगला मुलगा’. बाळा, तू हुशार आहेस, हिशोबाला पक्का आहेस. त्या परीक्षा तुला अवघड नाहीत. फी भरायची अडचण असेल तर ती मी भरते, हे इथे सगळ्यांसमोर लिहून देते. नोंदणी झाली की क्रमांक घेऊन ये, माझी स्वतःची फाईल तुझ्यासमोर ठेवीन आणि ठरलेली फी मोजून देईन. तोवर चहाला केव्हाही ये. फॉर्म मात्र घरी ठेवून ये.